भरवशाचा सर्व्हर : प्रस्तावना

वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा येथील एखाद्या मध्यम आकाराच्या कारखान्यातून सायंकाळी माल भरलेला ट्रक बाहेर पडायचा झाला, तर चालकाच्या हाती द्यावयाचे इनव्हॉइस आज कारखान्याच्या कारकुनाने छापून सही-शिक्का मारल्याने पुरे होत नाही. त्यावर जीएसटीच्या पोर्टलवरून आलेला आयआरएन, म्हणजे इनव्हॉइसचा नोंदणी-क्रमांक, आणि क्यूआर कोड असावा लागतो, सोबत ई-वे बिल असावे लागते, आणि ही दोन्ही मिळावीत म्हणून कारखान्यातील प्रणालीने सरकारी प्रणालीशी काही क्षण संधान बांधावे लागते. १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटी रुपयांवरील उलाढालीच्या कंपन्यांपासून सुरू झालेली ही सक्ती टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या उलाढालीपर्यंत पोहोचली, आणि मोठ्या वाहन-कारखान्यांना ठरल्या घटकेला सुटे भाग पोहोचविण्याच्या करारावर ज्यांचा चरितार्थ चालतो, अशा लहान पुरवठादारांच्या दारातही सर्व्हरचा भरवसा हा रोजच्या भाकरीचा प्रश्न होऊन बसला. सर्व्हर अडला की इनव्हॉइस अडते, इनव्हॉइस अडले की गेटपास अडतो, आणि पलीकडे ज्याची असेंब्ली लाइन त्या भागांची वाट पाहत उभी असते, तो ग्राहक कारणे ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नसतो.

छत्रपती संभाजीनगर या आपल्या नगरीचा यंत्रांशी परिचय जुना आहे. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या भोवताली सुट्या भागांच्या कारखान्यांची जी वस्ती उभी राहिली, तिच्यातून एन्ड्युरन्स आणि व्हेरॉक यांसारखी नावे पुढे देशाबाहेर गेली; त्या नावांच्या मागे, ज्यांची पाटी रस्त्यावरून दिसतही नाही, असे शेकडो लहान उद्योजक आहेत. या पिढीच्या उद्योजकाला लेथ पारखता येतो, प्रेसचा आवाज ऐकून बेअरिंग किती दिवस टिकेल याचा अदमास करता येतो, आणि यंत्र घेताना त्याचे सुटे भाग कोठे मिळतात, दुरुस्तीला माणूस किती वेळात येतो, हे तो किमतीच्याही आधी विचारतो. तोच मनुष्य सर्व्हर व त्यावरील प्रणाली घेताना मात्र कोटेशनच्या तळाशी असलेल्या आकड्याखेरीज फारसे काही पाहत नाही, कारण हा प्रांत आपला नव्हे अशी त्याची समजूत करून देण्यात आलेली असते. ती समजूत दूर करावी, आणि लेथ घेताना तो जे प्रश्न विचारतो तेच प्रश्न येथेही निःसंकोचपणे विचारण्याचे धैर्य त्याला व त्याच्या संगणक-विभागातील तरुणांना यावे, एवढ्याचसाठी हे पुस्तक लिहिले आहे.

विषयाची मर्यादा प्रथम सांगितली पाहिजे. जावा या भाषेत लिहिलेल्या व्यवहारोपयोगी प्रणाली, म्हणजे खरेदी-विक्री, साठा, उत्पादन, वेतन, जमाखर्च यांच्या प्रणाली, ज्या पायावर उभ्या राहतात, त्या पायाचा येथे विचार आहे. त्या पायाचे थर अनेक आहेत: सर्वांत खाली यंत्र, मग ते आपल्या खोलीतले असो की भाड्याचे, त्यावर लिनक्स किंवा विंडोज सर्व्हर ही ऑपरेटिंग सिस्टिम, त्यावर जावाचा कोड प्रत्यक्ष चालविणारे जेव्हीएम, त्यावर टॉमकॅट, वाइल्डफ्लाय, वेबलॉजिक यांसारखा अॅप्लिकेशन सर्व्हर, आणि शेजारी डेटाबेस. विक्रेते यांपैकी एकाच थराची स्तुती करतात, आणि सर्व्हर बंद पडतो तो बहुधा दोन थरांच्या सांध्यात. म्हणून निवड करावयाची ती एका वस्तूची नसून एकमेकांस धरून राहणाऱ्या संचाची असते, आणि त्या संचाविषयी विचारावयाचा पहिला प्रश्न, माझ्या मते, दोन भागांचा आहे: आजपासून सातव्या वर्षी याची डागडुजी करण्याची हमी कोणी घेतली आहे, आणि रात्री अकरा वाजता हा बंद पडला तर आपल्या गावातील कोणता मनुष्य तो पुन्हा उभा करू शकेल? वेग, सोयी, किंमत, नावलौकिक या सर्वांचा क्रम त्यानंतर येतो.

जावा १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने जगापुढे ठेवली, आणि एकदा लिहिलेला प्रोग्राम कोणत्याही यंत्रावर चालावा या तिच्या आश्वासनाने, निरनिराळ्या जातींची यंत्रे एकाच छपराखाली बाळगणाऱ्या बँका, विमा कंपन्या व कारखाने यांना विशेष मोहिनी घातली. डिसेंबर १९९९ मध्ये जे२ईई या नावाने तिच्या व्यावसायिक वापराची संहिता प्रसिद्ध झाली. एखादा व्यवहार पुरा तरी व्हावा नाही तर मुळीच होऊ नये, साठ्यातून माल वजा व्हावा आणि खातेवहीत मात्र नोंद पडू नये असे अर्धवट कधी घडू नये. शेकडो माणसे एकदम आली तरी डेटाबेसकडे जाणाऱ्या वाटा त्यांच्यात नीट वाटल्या जाव्यात. कोणाला काय पाहण्याचा अधिकार आहे याचा बंदोबस्त असावा. ही सर्व कामे प्रत्येक प्रोग्राम लिहिणाराने नव्याने करण्यापेक्षा अॅप्लिकेशन सर्व्हरनेच करावीत, हा त्या संहितेचा गाभा होता. विचार उत्तम होता, आणि त्याच्यामुळेच आज पंचवीस वर्षांनंतरही या प्रणाली टिकून आहेत. तथापि त्या काळी हे सर्व्हर इतके अवजड व किमती झाले की ते चालविण्यासाठी स्वतंत्र तज्ज्ञ नेमावा लागे, आणि ज्यांच्या प्रणालीला त्यांतील दहावा हिस्साही लागत नसे अशांनाही संपूर्ण भार वाहावा लागे.

या सर्व्हरांच्या मालकीचा इतिहास सविस्तर वाचण्यासारखा आहे, कारण निवड करणाराला तो काहीतरी शिकवितो. वेबलॉजिक १९९८ साली बीईए या कंपनीने घेतले, आणि २००८ मध्ये बीईएच ओरॅकलच्या अमलाखाली गेली. वाइल्डफ्लायचे पूर्वरूप असलेले जेबॉस मुक्त स्रोतातून जन्मले, २००६ साली रेड हॅटकडे आले, आणि २०१९ मध्ये रेड हॅट स्वतः आयबीएमच्या छत्राखाली गेली. खुद्द जावाची जननी असलेली सन २०१० च्या जानेवारीत ओरॅकलमध्ये विलीन झाली. अशा हस्तांतरात बहुधा ग्राहकाचा करार नावापुरता अबाधित राहिला, परंतु किमतीची पत्रके, पाठिंब्याच्या मुदती आणि पुढील आवृत्त्यांची दिशा ही नव्या धन्याच्या मर्जीनुसार बदलली. जावाच्या परवान्याचेच उदाहरण घ्या. २०१९ पासून ओरॅकलच्या जावा ८ च्या सुधारित आवृत्त्या व्यावसायिक वापरासाठी सशुल्क झाल्या, आणि जानेवारी २०२३ मध्ये आकारणीची रीत अशी बदलली की जावा किती यंत्रांवर चालते याऐवजी संस्थेत एकंदर नोकर किती, यावर रक्कम ठरू लागली. प्रेसवर उभ्या असलेल्या, संगणकाला आयुष्यात हात न लावलेल्या कामगाराचीही त्या गणतीत भर पडते. मनुष्यबळावर चालणाऱ्या आपल्या कारखान्यांना ही रीत किती जाचक आहे, हे निराळे सांगावयास नको. सुदैवाने ओपनजेडीके हा जावाचा मुक्त अवतार तितकाच सक्षम आहे. एक्लिप्स टेमुरिन, अॅमेझॉन कोरेट्टो, अझुल झुलू अशा नावांनी तो निःशुल्क मिळतो, आणि या शहरातील नव्या कामासाठी त्याखेरीज दुसरे काही घेण्याचे कारण मला दिसत नाही.

मालकीबदलाचा याहून सूक्ष्म परिणाम २०१७ नंतर दिसून आला. त्या वर्षी ओरॅकलने जे२ईईची उत्तराधिकारी जावा ईई ही संहिता एक्लिप्स फाउंडेशनच्या स्वाधीन करण्याचे ठरविले. संहिता दिली, पण जावा हे नाव दिले नाही. तिचे नामकरण जकार्ता ईई असे झाले, आणि २०२० च्या अखेरीस आलेल्या तिच्या नवव्या आवृत्तीत कोडमध्ये जेथे जेथे 'जावाएक्स' हे उपपद होते तेथे 'जकार्ता' आले. ऐकताना हे क्षुल्लक वाटते. प्रत्यक्षात टॉमकॅट ९ वर वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेली प्रणाली टॉमकॅट १० वर नेऊन ठेवली की ती सुरूच होत नाही, कारण तिच्या हाकेला ओ देणारे नाव आता तेथे नसते. टॉमकॅट ८.५ चा पाठिंबा मार्च २०२४ मध्ये संपला. तेव्हा ज्यांच्याकडे ती आवृत्ती आहे त्यांनी ९ वर जावयाचे, की स्रोत-कोडमध्ये फेरफार करून १०.१ किंवा त्यापुढे जावयाचे, हा निर्णय प्रणाली लिहून देणाराशी बसून घेतला पाहिजे. आणि प्रणाली लिहून देणारा आज सापडत नसेल, त्याने स्रोत-कोडही हवाली केलेला नसेल, तर या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर कोणत्याही विक्रेत्याजवळ नाही. करारनाम्यात स्रोत-कोड ताब्यात देण्याचे कलम का असावे, याचे याहून ठसठशीत कारण मला देता येणार नाही. पुढे एक संपूर्ण प्रकरण याच कलमासाठी दिले आहे.

मुक्त स्रोत म्हणजे अभय, असाही समज करून घेऊ नये. सेंटओएस ८ या लिनक्सला २०२९ पर्यंत डागडुजी मिळेल, या भरवशावर असंख्य संस्थांनी ती स्वीकारली होती. डिसेंबर २०२० मध्ये ती मुदत एकाएकी अलीकडे ओढण्यात आली आणि डिसेंबर २०२१ अखेर तिचा शेवट झाला. त्या पोकळीतून अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स या दोन वितरणांचा उदय झाला, हे मुक्त स्रोताचे सामर्थ्य खरे. पण मधल्या वर्षात ज्यांना रात्री जागून स्थलांतर करावे लागले त्यांची हानी कोणी भरून दिली नाही. म्हणून या पुस्तकात प्रत्येक थराची मुदत, ती देणारा कोण, आणि त्याने ती मोडली तर आपल्याला जाण्यास दुसरे कोणते दार उघडे आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या आहेत. ज्या थराला असे दुसरे दार आहे तो थर, इतर गुण सारखे असतील तर, मी नेहमी श्रेष्ठ मानला आहे. टॉमकॅटवर चालणारी प्रणाली थोड्या श्रमाने जेट्टी या तशाच दुसऱ्या सर्व्हरवर चालते. टेमुरिनवर चालणारी कोरेट्टोवर नेताना बहुधा एक ओळही बदलावी लागत नाही. परंतु एखाद्या सर्व्हरच्या खास सोयींवर ज्यांनी आपली प्रणाली विणून घेतली, त्यांना त्या धन्याचे घर सोडता येत नाही.

आता सर्व्हर प्रत्यक्षात कसा पडतो, याकडे वळू. कारण विश्वसनीयतेची चर्चा पुष्कळदा प्रलयाच्या कल्पनांत रमते, आणि खरा अपघात अगदी सामान्य वेषात येतो. टॉमकॅटला मूळ मांडणीत एका वेळी २०० विनंत्यांवर काम करता येते, म्हणजे त्याच्याजवळ २०० थ्रेड असतात. स्प्रिंग बूट या जावाच्या चौकटीने बांधलेल्या प्रणालीत डेटाबेसकडे जाणाऱ्या जोडण्या, कोणी काही न बदलल्यास, १० असतात. महिनाअखेरीस लेखा विभागातील काही माणसे वर्षभराच्या साठ्याचा अहवाल एकाच वेळी मागतात. प्रत्येक अहवाल चार-पाच मिनिटे चालतो. एखाद्याला उशीर वाटतो म्हणून तो पुन्हा बटण दाबतो, आणि पहिली मागणी तशीच चालू राहून दुसरी तिच्या मागे उभी राहते. दहाही जोडण्या अशा रीतीने गुंतल्या, की डिस्पॅचच्या टेबलावरून आलेली इनव्हॉइसची साधी मागणी तीस सेकंद जोडणीची वाट पाहते आणि निराश होऊन परतते. तिच्या मागोमाग येणाऱ्या मागण्याही तशाच तिष्ठत राहून हळूहळू दोनशे थ्रेड व्यापून टाकतात. यानंतर सर्व्हर कोणालाच उत्तर देत नाही. चमत्कार असा की या सर्व काळात यंत्र चालू असते, प्रोसेसर जवळजवळ रिकामा असतो, पिंगला उत्तर येते, आणि देखरेखीचा दिवा हिरवा असतो. अशा वेळी 'अजून एक मोठे मशीन घ्या' असा सल्ला मिळतो व पुष्कळजण तो मानतात. खरा उपाय अहवालांसाठी डेटाबेसची वेगळी प्रत ठेवणे, लांबलेल्या प्रश्नाला मुदत घालून देणे, आणि देखरेखीच्या तपासणीत केवळ यंत्राची नाडी न पाहता डेटाबेसपर्यंत जाऊन एक लहानशी नोंद वाचून येणे, हा आहे. त्याला नवे मशीन लागत नाही.

मेमरीचीही अशीच कथा आहे. १६ जीबीचे यंत्र घेतले म्हणून जावा तेवढी मेमरी वापरते असे नाही; स्पष्ट आज्ञा नसेल तर जेव्हीएम आपल्या हीपची, म्हणजे प्रणालीच्या माहितीसाठी राखलेल्या मेमरीची, कमाल मर्यादा एकंदर मेमरीच्या चौथ्या हिश्शावर ठरविते, आणि उरलेले बारा जीबी विकत घेऊनही प्रणाली मेमरी पुरत नाही म्हणून कोसळू शकते. उलटपक्षी उत्साहाच्या भरात सगळी मेमरी हीपला देऊन टाकली, तर लिनक्सला स्वतःला श्वास घेण्यास जागा उरत नाही आणि ते सर्वांत मोठा प्रोसेस, म्हणजे आपला सर्व्हरच, बंद करून टाकते. पण मी पाहिलेल्या बंद पडलेल्या सर्व्हरांत सर्वाधिक वेळा आढळलेले कारण याहूनही साधे आहे: डिस्क भरली. टॉमकॅटची कॅटालिना डॉट आउट नावाची लॉग-फाइल लिनक्सवर तजवीज केल्याखेरीज टॉमकॅट स्वतःहून कधी बंद करून नवी सुरू करीत नाही. ती महिनोन्महिने वाढत राहते, आणि त्याच डिस्कवर डेटाबेसही ठेवलेला असला तर एका रात्री लॉगने शेवटचा कोपरा व्यापताच डेटाबेस आपले व्यवहार लिहू शकत नाही व थांबतो. दोन डिस्क वेगळ्या ठेवणे, लॉगला मर्यादा घालणे, आणि ऐंशी टक्के भरताच संबंधिताच्या मोबाइलवर संदेश जाणे, एवढी तीन कामे अर्ध्या दिवसाची आहेत. महागड्या क्लस्टरची चर्चा करणाऱ्या किती ठिकाणी ती झालेली नसतात, हे पाहिले म्हणजे मन खिन्न होते.

या नगरीत वाढलेल्याला भरवशाच्या रचनेचे लक्षण शिकण्यासाठी परदेशी ग्रंथच उघडावे लागतात असे नाही. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीला, म्हणजे आजच्या या शहराला, राजधानीचे रूप दिले, तेव्हा उत्तरेकडील डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीने, केवळ उताराच्या बळावर, वस्तीत आणले. आणि नहर-ए-अंबरीची ती व्यवस्था त्याच्यामागे कित्येक पिढ्या शहराची तहान भागवीत राहिली. तिच्यात हलणारे, झिजणारे भाग जवळजवळ नव्हते. आणि आत उतरून पाहण्यासाठी, गाळ काढण्यासाठी ठिकठिकाणी वाटा ठेवलेल्या होत्या. जेथे ही देखभाल सुटली आणि वरून बांधकामे झाली, तेथे ती बुजत गेली. सर्व्हरची रचना निवडतानाही थोडे भाग आणि प्रत्येक भागात डोकावून पाहण्याची सोय, हे दोन निकष मी रचनेच्या इतर गुणांच्या वर ठेवतो. ज्या व्यवस्थेत विनंती कोठून आली, कोठे थांबली, कोणत्या टप्प्यावर किती वेळ गेला हे पाहता येत नाही, ती कितीही प्रतिष्ठित असली तरी तिचा भरवसा हा ऐकीव असतो.

सर्व्हर कोठे ठेवावा, या वादात दोन्ही पक्ष अभिनिवेशाने बोलतात. आपल्याच खोलीत ठेवणाराने येथील हवामानाचा हिशेब मनाशी धरावा: मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, वळवाच्या पहिल्या वादळात वीज जाते, जनरेटर सुरू होईपर्यंतचे क्षण यूपीएसने सांभाळावे लागतात, आणि खोलीचा एसी मात्र पुष्कळ ठिकाणी यूपीएसवर नसतोच, त्यामुळे वीज नसताना यंत्र चालू राहते व खोली तापत जाते. शेडच्या कडेला पार्टिशन घालून केलेल्या सर्व्हर-रूममध्ये ग्राइंडिंगची बारीक धूळ शिरते, हेही विसरू नये. भाड्याच्या क्लाउडचे केंद्र आता परदेशात शोधावे लागत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात, अॅमेझॉनने २०१६ साली आणि गूगलने २०१७ साली मुंबईत आपली केंद्रे उघडली, आणि तेथपर्यंत जाऊन येण्यास इंटरनेटच्या संदेशाला लागणारा वेळ इनव्हॉइसच्या कामात कोणाच्या लक्षातही येणार नाही इतका अल्प आहे. लक्षात येते ते रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटल्यावर. म्हणून क्लाउडवर जाणाराने दोन निराळ्या कंपन्यांच्या लाइन घ्याव्यात, आणि त्या दोन्ही एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून येत नाहीत याची समक्ष पाहणी करावी. माझा कल असा की ज्या कारखान्यात संगणक-विभागात दोनच माणसे आहेत, त्याने मुख्य सर्व्हर क्लाउडवर ठेवावा आणि फाटकावरील इनव्हॉइसपुरती एक लहान पर्यायी व्यवस्था जागेवर बाळगावी. ज्यांच्याकडे यंत्रांना थेट जोडलेली उत्पादन-प्रणाली आहे त्यांनी ती मात्र आवारातच ठेवावी, कारण शहराबाहेरची तार तुटली म्हणून आपल्याच शेडमधील यंत्र थांबणे समर्थनीय नाही.

कायद्याची बाजूही या निवडीत येते. कंपन्यांच्या हिशेबविषयक नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने, त्यांनी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवलेल्या हिशेबांचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर दररोज घेणे बंधनकारक झाले. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या प्रणालीत प्रत्येक फेरफाराची नोंद राहिली पाहिजे, आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात, सायबर घटनेची वार्ता सहा तासांच्या आत कळवावी लागते, आणि सर्व यंत्रांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवावी लागतात. मला या नियमांत जाच दिसत नाही. दप्तर शिरस्त्याप्रमाणे ठेवणाऱ्या जुन्या अंमलदाराला यांतील एकही अट अपरिचित वाटली नसती. शिवाय घड्याळे जुळलेली नसतील तर दोन यंत्रांच्या लॉगांची रुजुवात घालून अपघाताचे कारण शोधणे अशक्य होते, हे ज्याने एकदा अनुभवले आहे त्याला सरकारी हुकमाची गरज राहत नाही.

डिसेंबर २०२१ मधील लॉगफोरजेच्या दोषाचा उल्लेख येथे टाळता येत नाही. लॉग लिहिण्यासारखे निरुपद्रवी काम करणाऱ्या त्या लायब्ररीत, बाहेरून आलेल्या एका विशिष्ट मजकुराची नोंद होताच परक्याचा कोड सर्व्हरवर चालू शकेल, असे भगदाड असल्याचे उघड झाले, आणि जगभर एकच धावपळ उडाली. टॉमकॅट स्वतः मूळ मांडणीत ती लायब्ररी वापरीत नव्हते. पण त्यावर चालणाऱ्या प्रणालींच्या पोटात ती कोठे कोठे दडली आहे, हे त्या आठवड्यात फार थोड्यांना सांगता आले. दोष निघणे कोणाच्याच हाती नाही; आपल्या सर्व्हरमध्ये काय काय आहे याची यादी तयार असणे आणि पॅच लावण्यास ठरलेला दिवस असणे हे आपल्या हाती आहे. पाठिंबा संपलेल्या आवृत्तीवर बसलेल्या संस्थेला मात्र त्या दिवशी पॅचच मिळत नाही.

राहिला मनुष्यबळाचा विचार, आणि तो मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, एमजीएमचे जवाहरलाल नेहरू अभियांत्रिकी महाविद्यालय, विद्यापीठाच्या परिसरातील नाइलिट यांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या तरुणांना जावा, टॉमकॅट, लिनक्स आणि पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल यांची निदान तोंडओळख असते. त्यांतील पुष्कळजण पुण्याला किंवा बंगळुरूला जातात, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु जो येथे राहतो, त्याच्या हाती आपण असा सर्व्हर दिला पाहिजे की जो त्याला सहा महिन्यांत आतून-बाहेरून कळेल. आणि तो उद्या गेला तर त्याच्या जागी येणाऱ्याला लिहून ठेवलेल्या टिपणावरून आठवड्यात हाताळता येईल. अनेक यंत्रांवर प्रणाली विभागून चालविणारी कुबरनेटिससारखी व्यवस्था मोठ्या संस्थांत मोलाची आहे. दोन माणसांच्या विभागाने केवळ नावासाठी ती आणली, तर तिला सांभाळण्यातच त्यांचे दिवस जातात. ज्या प्रणालीला अनेक डेटाबेसमध्ये एकच अखंड व्यवहार करावा लागतो, किंवा जी मूळ विक्रेत्याने वेबलॉजिक अथवा वेबस्फिअरसाठीच प्रमाणित केली आहे, तिने त्या मोठ्या सर्व्हरचा खर्च जरूर करावा. इतरांसाठी माझी शिफारस साधी आहे: जावा १७, २१ किंवा सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली २५, यांपैकी प्रणालीला मानवेल ती दीर्घ पाठिंब्याची आवृत्ती; टॉमकॅट, किंवा तेच पोटात घेऊन चालणारे स्प्रिंग बूट; रेड हॅट, अल्मालिनक्स, डेबियन वा उबंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती, यांतील जी आपल्या माणसाला अधिक परिचित असेल ती; आणि एकसारखी दोन यंत्रे, जेणेकरून एक उघडून पाहताना दुसरे काम करीत राहील.

खंडेनवमीला आपल्याकडे लेथ-प्रेसबरोबर सर्व्हरच्या रॅकलाही झेंडूची माळ घालतात. ही श्रद्धा मला मनापासून आवडते, आणि त्या दिवशीच्या सुट्टीत आणखी एक काम करावे असे मी सुचवितो: वर्षभर घेतलेल्या बॅकअपांतून एक उचलून रिकाम्या यंत्रावर उतरवावा, प्रणाली सुरू करावी, आणि एखादे जुने इनव्हॉइस उघडून रकमा ताडून पाहाव्यात. किती वेळ लागला ते लिहून ठेवावे. मालकाला 'सर्व्हर किती वेळात परत येईल' या प्रश्नाचे जे उत्तर द्यावयाचे ते हेच. नव्या सर्व्हरवर जाण्याचा मुहूर्तही असाच विचारपूर्वक निवडावा. महिनाअखेर टाळावी, जीएसटीची विवरणपत्रे भरण्याच्या ११ व २० या तारखांच्या आसपासचे दिवस टाळावेत, साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्री डिस्पॅच संपल्यावर स्थलांतर करावे, आणि नव्या सर्व्हरवरून एक संपूर्ण महिन्याची विवरणपत्रे भरून होईपर्यंत जुने यंत्र बंद करून, पण न पुसता, कुलपात ठेवावे.